खिळा नसलेली चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी आरी आहे. चामड्याला भोक पाडून दोरा ओढणारी, लाकडी मुठीची. लोहाराच्या भट्टीत मी जन्मले, पण मला कामाचं केलं ते आंधळगावच्या याकोबदादांनी.

दादा कुष्ठरोग झालेल्यांसाठी चपला शिवत. या रोगात पाय बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून दादा चपलेला एकही खिळा ठोकत नसत. मऊ रबराचा तळ आणि सगळी शिवण माझी. हत्यारांची पेटी उघडताना ते एवढंच म्हणत, "प्रभू, हात स्थिर ठेव." रविवारी प्रार्थनेत कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर बोलायला सांगितलं, की ते उठून हात जोडत आणि खाली बसत. बोलणं त्यांना जमतच नसे.

तेव्हा ते बाजारात बसत. शेजारचे कापडवाले मधुकरराव एक दिवस ओरडले, "तुह्याकडं रोगी येऊन राहिले अन् माह्यं गिऱ्हाईक पळून राहिलं. उचल तुहा पसारा!" दादांनी पेटी उचलली आणि ते गावाबाहेरच्या घरी काम करू लागले.

दहा वर्षांनी, भर दुपारी, दुपट्ट्यानं तोंड झाकून मधुकरराव अंगणात आले. तळपायात खिळा घुसला होता आणि दोन दिवस त्यांना कळलंच नव्हतं.

"मी तुले हाकललं होतं, याकोब," ते खाली मान घालून म्हणाले.

दादांनी पाणी आणलं, तो पाय मांडीवर घेतला आणि धुतला. त्यांची बायको सुलोचनाबाई दारातून हळूच म्हणाली, "याच्यासाठी कायले करता जी?"

"त्याचा पाय दुखत नाही ना, तेच तर दुखणं आहे," दादा म्हणाले.

मधुकररावांनी विचारलं, "आता मले तुमच्या प्रार्थनेले याव लागन का?"

"नाही जी. दवाखान्यात याव लागन. गोळ्या पूर्ण घेतल्या का हा रोग बरा होते."

दादा त्यांना सायकलवर बसवून घेऊन गेले. रोग हटला, जखम भरली, बधिरपणा मात्र राहिला. मग चप्पल करायला घेतली. खरं सांगते, माझ्या मनात राग होता. मी चामड्यात नीट शिरेना. दादांनी मला मेणावर घासलं आणि वाकडा गेलेला प्रत्येक टाका उसवून पुन्हा घातला. इतकी देखणी जोडी मी आयुष्यात शिवली नाही.

बाजाराच्या दिवशी मधुकरराव ती घालून, तोंड न झाकता आपल्या दुकानात आले. कुणी विचारलं, "काय झालं जी पायाले?"

"कुष्ठरोग. याकोबनं चप्पल शिवली." मग त्यांनी दादांना बोलावून घेतलं आणि त्यांना कामाला बसायला आपल्याच ओट्यावर सतरंजी अंथरली. काही गिऱ्हाइकं तुटली. सतरंजी मात्र उचलली गेली नाही.

आता माझं टोक झिजलंय. दादांकडे नवी आरी आली आहे. मित्रांनो, जुन्या हत्यारांना अधूनमधून तेलाचा थेंब देत जा. आणि लोकांनी दूर लोटलेला माणूस दारात आला, तर चांगले शब्द शोधत बसू नका. आधी त्याला बसायला द्या.