शेजारी आधी पोचतात

त्या वर्षी हर्सूलचा तलाव आटला होता, आणि तलावाच्या वाटेवर नव्या इमारती मात्र उभ्या राहत होत्या. त्या सकाळी टँकर आला. व्यंकटरावांनी, म्हणजे अंबिकाच्या अण्णांनी, नेहमीसारखी गल्लीतली भांडणं मिटवली आणि घाम पुसत ते संगणकासमोर बसले. आफ्रिकेतून श्रेयाचा फोन यायचा होता.

श्रेया त्यांची विद्यार्थिनी. अण्णांनी उभा जन्म राज्यशास्त्र शिकवलं. तिनं ते मनावर घेतलं, आणि आता ती अदिस अबाबात राहून आफ्रिकन संघाच्या शांतिसेनेवर प्रबंध लिहीत होती.

“बेटा, सोमालियाच बघ,” अण्णा पडद्याकडे झुकून सांगत होते. “सुरक्षा परिषदेनं न्यूयॉर्कात परवानगी दिली. पण सैनिक कुठून आले? युगांडातून, बुरुंडीतून. आग लागली की शेजारी आधी पोचतात. आमच्या गल्लीसारखंच. महापालिका कागद देते, टँकरपाशी उभं आम्हालाच राहावं लागतं.”

पडद्यावर श्रेया खळखळून हसली.

अंबिका चहा घेऊन दारात थांबली होती. तिच्या अगदी ओठांवर आलं, की अण्णा, पुढं केनियाही आला, इथिओपियाही आला, पण ते स्वतःची सीमा सांभाळायला. आधी पोचणारा शेजारी पोचतो कुणासाठी? अण्णांच्या कपाटातलं एकही पुस्तक तिनं सोडलं नव्हतं. पण बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीला कोण विचारतो? आणि ‘बेटा’ म्हणे! तिच्या वाट्याला तो शब्द कधी आला नव्हता.

“अगं, पंखा बारीक कर, आवाज येतोय,” मागं न बघता अण्णा म्हणाले.

तिनं पंखा बंदच केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच अण्णा गेले.

दहाव्याला सगळे पैठणला गेले; अदिस अबाबाहून श्रेयाही आली होती. गोदावरी घाट सोडून पार आत सरकली होती. वैजापूरहून आलेल्या काकासाहेबांनी, अण्णांच्या धाकट्या भावानं, पिंड मांडला. कावळा काही शिवेना.

“दुष्काळात हे बी लई शहाणे झालेत,” काकासाहेब पुटपुटले. मग वळून म्हणाले, “दादाचा जीव कशात तरी अडकलाय. श्रेया, पुढं ये पोरी. तूच बोल. त्याच्या तोंडी कायम तुझंच नाव असायचं.”

पोटची मुलगी इथं उभी, आणि हाक हिला!

श्रेयानं हात जोडले. “सर, प्रबंध पुरा करीन.”

कावळे जागचे हलले नाहीत. अंबिकाला बरं वाटलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं ओढणी डोळ्यांना लावली.

श्रेया मागं येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. “ताई, खरं सांगू? मला तुमचा राग यायचा. काही लिहून पाठवलं की सर म्हणायचे, हे आमच्या अंबिकापुढं टिकायचं नाही.”

“मला कधी म्हणाले नाहीत.”

“तुम्ही कधी त्यांच्याशी वाद घातलात?”

अंबिकानं पिंडाकडे पाहिलं.

“ऊन चढायलंय,” काकासाहेब म्हणाले. “दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, आन् काय.”

“थांबा, काका.”

ती पिंडासमोर जाऊन उभी राहिली. मागं सगळे ऐकत होते, श्रेयाही.

“अण्णा, मला श्रेयाचा हेवा वाटायचा. आत्ताही वाटतोय. आणि शेजाऱ्यांचं तुम्ही म्हणायचात ना, ते मला पटत नव्हतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं.”

एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.