गजराबाईंच्या मागचा सरवा

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या डॉक्टर शैलजा खरात निवृत्त झाल्यावर वूस्टरच्या एका म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड व्हायला गेल्या.

ट्रेनिंगच्या तिसऱ्या मंगळवारी क्युरेटरबाईंनी सगळ्यांना बरोक शैलीतल्या एका मोठ्या, जुन्या चित्रासमोर थांबवलं. बायबलमधल्या गोष्टीचं चित्र. गव्हाची कापणी चाललेली, आभाळ काळवंडलेलं, आणि सगळा उजेड वाकून ओंब्या वेचणाऱ्या रूथ नावाच्या परक्या विधवेच्या पाठीवर.

"गव्हाची पेंढी म्हणजे चर्चमध्ये प्रसाद म्हणून मिळणारा पाव," क्युरेटरबाई सांगत होत्या. "वाकलेली पाठ म्हणजे नम्रता. आता ही कापणारी बाई बघा. मुठीतून ओंब्या गळताहेत आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघतेय. मालकानंच सांगितलेलं, रूथसाठी थोडं सांडा. ही न मागता मिळालेली कृपा."

शैलजाताईंचं पेन थांबलं.

वडील गेल्यावर जालन्याकडच्या गावात त्या आईबरोबर सरवा वेचायला जायच्या. कापणी झालेल्या रानात पडलेल्या ओंब्या गोळा करायच्या. कापणाऱ्या गजराबाईंच्या मागे नेहमीच जास्त पडलेल्या असत. मुकादम त्यांच्यावर ओरडायचा. लहानग्या शैलालाही त्या वेंधळ्याच वाटायच्या. पण त्या गव्हावर घर चाललं, शाळा सुटली नाही.

घरी येऊन त्यांनी हे मुलीला, ऋताला सांगितलं.

"आई, यू नेव्हर टोल्ड मी!"

"लाज वाटायची गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाकडून नंबर मिळवून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. गजराबाई नव्वदीच्या, कानानं अधू. नातसुनेनं फोन धरला होता.

"गजरामावशी, मी सखूची शैला! तुमच्या मागनं सरवा वेचायचे. तुमच्या हातून ओंब्या लई पडायच्या!"

नातसुनेनं ते कानात ओरडून सांगितलं. म्हातारी हसली.

"पडायच्या कशाच्या? पाडायचे मी."

"माझ्यापायी शिव्या खाल्ल्यात, मावशी," शैलजाताई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या ऋतानं न सांगता हात जोडले.

फेब्रुवारीत मायलेकी गावी गेल्या. शैलजाताईंनी गजराबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं, सोबत नेलेलं ऐकायचं मशीन त्यांच्या कानात बसवलं. म्हातारी बराच वेळ अंगणातल्या चिमण्या ऐकत बसली.

मग म्हणाली, "ही नातसून किती बोलती गं!"