लागलं तर सांगायचं

“पोर माझी दुखण्याला मुकी हाय, सर. हात मोडला तरी बोलायची नाय. तुमीच बगा आता.”

भागूबाईचा तो आवाज हारून सरांच्या कानात अजून तसाच होता. पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून ती उतरली होती. डोक्यावर मोळी, बोटाला नात माधुरी. शाळेच्या मैदानात सरांचा कराटेचा वर्ग नुकता सुरू झाला होता. पहिल्याच आठवड्यात माधुरीच्या मनगटावर कुणाची तरी लाथ बसली. मनगट सुजून टम्म झालं, पण पोरगी हूं की चूं करेना. त्या दिवशी सरांनी नियम घातला. ज्याला लागलं त्यानं मोठ्यानं ‘लागलं’ म्हणायचं. ज्यानं मारलं त्यानं तिथंच थांबायचं, वाकायचं. मग बेल्ट कुठल्याही रंगाचा असो.

नियम सगळ्यांनी पाळला, एकट्या सरांनी नाही. मोठ्या झालेल्या माधुरीची लाथ एकदा त्यांच्याच बरगडीत बसली, तेव्हा ते हसले, “अश्शी मारायची,” म्हणाले, आणि दात आवळून मोटारसायकलवरून महाडला घरी गेले. बायकोला, महरुन्निसाला सांगितलं, गाडी घसरली.

पुराच्या वर्षी हीच माधुरी दासगावात त्यांच्या शेजारी छातीभर पाण्यात उभी होती. दोर कमी पडला, तशी पोरांनी कमरेचे बेल्ट सोडून एकाला एक बांधले. पिवळा, हिरवा, तांबडा, काळा. त्या दोराला धरून म्हातारीकोतारी बाहेर आली. पुढं सर लोकांच्या घरातला चिखल उपसत फिरले. त्यांच्या स्वतःच्या घरातला महरुन्निसानं उपसला.

अशा माधुरीचा फोन आला, “सर, रविवारी पोरांच्या बेल्टची परीक्षा आहे, याच.” महरुन्निसानं पांढऱ्या गणवेशाला कडक इस्त्री केली. नवे बेल्ट पिशवीत घालून सर पोलादपूरला पोचले.

सभागृहात खुर्च्या मांडलेल्या. वर फलक: हारून सरांचा निवृत्तीनिमित्त सत्कार.

“निवृत्ती कुणाची रे?” त्यांनी वर्ग चालवणाऱ्या समितीतल्या हर्षदला विचारलं.

“तुमचीच की, सर. किती हेलपाटे घालणार? आता नातवंडं खेळवा.”

“मी दमलो म्हणून तुला कोण म्हणालं?”

हर्षदनं इकडंतिकडं पाहिलं. “पालकांचं म्हणणं पडलं, मुलींना बाई शिकवणारी बरी. त्यात दिवस कसे आलेत, तुम्हाला काय सांगायचं. माधुरीताई तयार आहेत.”

“कुठल्या पालकांचं?”

“आता नावं कशाला, सर. चला, पुढं बसा.”

सरांनी माधुरीकडं पाहिलं. ती एका मुलीच्या बेल्टची गाठ सरळ करत होती. गाठ सरळच होती. सर पुढं जाऊन बसले. आता ही बोलेल, त्यांना वाटलं. माझ्या हाताखाली वाढलेली पोर आहे.

माधुरीनं माईक घेतला.

“सरांनी स्वतःहून हा वर्ग माझ्या हाती दिला,” ती म्हणाली. “मला म्हणाले, माधुरी, आता तू सांभाळ.”

टाळ्या पडल्या. टाळ्यांत भागूबाईही होती, शेवटच्या रांगेत, डोळे बारीक करून नातीकडं बघणारी.

शाल घालायला माधुरीच आली.

“समजून घ्या, सर,” ती कानाशी म्हणाली. “मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी वर्गच बंद केला असता.”

“मला विचारायचं होतंस.”

“तुम्ही काय म्हणाला असतात?”

“घे म्हणालो असतो.”

हातातला नारळ तिनं त्यांच्या हातात दिला आणि बाजूला झाली.

“सर, दोन शब्द,” हर्षद म्हणाला.

हारून सर उठले. आभाराची वाक्यं तोंडाशी आली होती, आणि ओठांवर ते जुनं हसूही, बरगडीच्या दिवशीचं. तेवढं हसले असते की झालं असतं. फोटो निघाला असता, चहा आला असता, रात्री महरुन्निसाला सांगता आलं असतं की छान झालं, फार मान दिला.

त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढून त्याच्याशेजारी घडी केली. मग माईककडं पाठ करून ते माधुरीसमोर उभे राहिले. टाचा जुळवून, हात मांडीशी, वर्गात उभे राहायचे तसे.

“माधुरी,” ते मोठ्यानं म्हणाले, “लागलं.”