गोमाजीचं जाळं आणि पिवळा धोबी

“ओढू नको,” जनाबाई म्हणाली. “पाय तुटल त्याचा.”

गोविंदाने हात मागे घेतला. कोपरीच्या खाडीकाठी आईने, म्हणजे जनाबाईने, सकाळीच वाळत पसरलेल्या ओल्या जवळ्यावर त्याने बापाचं जुनं जाळं टाकलं होतं आणि आता त्यात एक पिवळा धोबी पक्षी अडकला होता. चिमणीएवढा जीव, शेपूट मात्र सारखी वरखाली.

गोविंदा वागळे इस्टेटमध्ये माझ्याच कंपनीत पॅकिंगला होता. मी तिथला कारकून आणि सुट्टीपुरता पक्षीनिरीक्षक. १९८८च्या पितृपक्षातला तो रविवार. उत्तरेकडचे धोबी याच सुमारास खाडीवर उतरतात, हे मला पुस्तकाने शिकवलं होतं. ते जवळ्यावर का उतरतात, हे शिकवलं जनाबाईने. अख्खा काठ त्यांना दगड मारायचा, जवळा खातात म्हणून. ही बाई तीस वर्षं तिथे उकिडवी बसून नीट बघत आली होती. पहिल्याच भेटीत तिने माझी दुर्बीण बाजूला सारली होती. “मास्तर, चोचीकडं बगा. जवल्याला शिवत नाय. त्याच्यावरच्या माशा खातान.” मी मास्तर नाही, हे तिला दहादा सांगून झालं, पण वही घेऊन फिरणारा तो मास्तर, यावर ती ठाम. खरं तर मास्तर तीच. माझ्या वहीतली निम्मी पानं तिच्या डोळ्यांनी भरली आहेत.

“कावळे बसू नयेत म्हणून टाकलेलं मी,” गोविंदा पुटपुटला. “घरात नुसतंच पडलेलं ना.”

नुसतं पडलेलं नव्हतं ते. तिच्या नवऱ्याने, गोमाजीने, शेवटच्या आजारात खाटेवर बसून विणलेलं होतं. नऊ वर्षं तिने ते कोणाला खाडीत नेऊ दिलं नव्हतं. आता जवळ्याच्या ओलीने सूत आवळलं होतं आणि पाखराच्या काडीएवढ्या पायाला पीळ बसला होता.

मी टाचणीने सोडवून बघितलं. सुटेना. पाखरू चोच वासून धापा टाकू लागलं.

“ब्लेड दे,” जनाबाई गोविंदाला म्हणाली.

“आये, बाबाच्या हातच्या गाठी आहेत त्या. आता तशी मारणारा कोण राहिलाय?”

“ठावं हाय मना.”

कोळ्याच्या घरात धडधाकट जाळ्याला पातं लावत नाहीत. मला वाटलं, ती मला सांगेल कापायला. तिने नाही सांगितलं. ज्या गाठीजवळ कापायचं तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि कापलं. एक धागा, मग दुसरा, मग तिसरा.

धोबी तिच्या तळव्यावर थोडा वेळ बसून राहिला. मग खाली उतरला, चार पावलं लंगडत गेला, अंग फुलवलं आणि तिवरांकडे उडाला.

  गोविंदा म्हणाला, “नंतर सांधून टाक तू. तुला येतं ना.”

“नको,” ती म्हणाली. “त्याच्या कामात माजा हात नको.”

तिने जाळ्याला चिकटलेला जवळा झटकला आणि घड्या घालायला घेतल्या, धुतलेल्या लुगड्याच्या घालतात तशा, कडेला कडा जुळवून. गोविंदाने न सांगता दुसरं टोक धरलं.