न पाहिलेला तडा

दर शनिवारी सकाळी दहाला लोर्ना हेगस्टॅड कोर्टाच्या पायऱ्यांपाशी उभी राहायची आणि जमतील त्या पाहुण्यांना ब्रॅनिगनचा जुना बाजार पायी फिरवून दाखवायची. मोंटानातल्या त्या लहानशा शहरात नऊ वर्षं ती हे काम हौसेनं करत होती. त्या शनिवारी अकराजण आले होते. काठी टेकत चालणारी एक म्हातारी सगळ्यांच्या मागे होती.

"तांब्याच्या खाणी जोरात होत्या तेव्हा या एका रस्त्यावर एकोणीस गुत्ते होते आणि चर्च एकच," लोर्ना म्हणाली. "गर्दी कुठे असायची ते विचारू नका."

"विचारायचं कशाला? माझा आजा तिथेच पडलेला असायचा!" हॅटवाला एकजण म्हणाला. सगळे हसले.

विटांच्या दोन इमारतींच्या मधोमध बँकेच्या गाड्या लावायची मोकळी जागा होती. तिथं लोर्ना नेहमीसारखं बोलून गेली, "इथं कलूडिस नावाच्या ग्रीक माणसाचं मिठाईचं दुकान होतं. मागच्या भिंतीला तडा गेला, म्हणून एक्याऐंशी साली इमारत पाडावी लागली."

"तुम्ही पाहिला होता तो तडा?" म्हातारीनं मागून विचारलं.

"हो," लोर्ना म्हणाली आणि पुढे चालू लागली.

तिनं तो पाहिला नव्हता. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, नगरपालिकेत इमारत तपासनिसाच्या हाताखाली. साहेबांनी तड्याच्या अहवालाचा कागद पुढे सरकवला होता, "साक्षीदार म्हणून सही कर." भिंत तर लांबच, त्या दुकानाच्या मागच्या अंगणातही ती कधी गेली नव्हती. सही केली होती. दोन महिन्यांत दुकान भुईसपाट झालं, वर्षभरात बँकेनं जागा घेतली. दोन्हींचा संबंध तिला तेव्हाच कळला होता. पण ती गप्प बसली होती.

नाट्यगृहापाशी तिला सालं आठवेनात. फेरी संपली, लोक पांगले. म्हातारी एका बाकावर टेकली होती. लोर्ना तिच्यापाशी गेली.

"तुम्ही इथल्याच का?"

"आयरिनी कलूडिस. मिठाईवाल्याची मुलगी."

लोर्ना शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. साहेब, कागद, सही. आणि मघाशी सगळ्यांसमोर बोललेलं खोटंही.

आयरिनीनं काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "बाबांना वाटायचं, चूक त्यांचीच. तडा विटांच्या आत आहे, वरून दिसत नाही, असं तपासनीस म्हणाला ते त्यांनी खरं मानलं. पाकाच्या भट्ट्या त्या भिंतीला लागून होत्या ना. आपणच भिंत तापवून तापवून फोडली, असं धरून बसले होते. पुढे स्पोकेनला भाड्याच्या खोल्यांत राहिलो, तिथंही रोज भिंतींवरून हात फिरवायचे. बारा वर्षं. आई वैतागायची, म्हणायची, भिंतींना कुरवाळता, मला कधी कुरवाळाल?"

"मला माफ..."

"नको. ते मागू नका," आयरिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच लोर्नाला जास्त लागलं. "तुम्ही वाईट नाही दिसत. पण माफ करायचं तर बाबांनी करायला हवं होतं, आणि ते तर स्वतःलाच दोष देत गेले. मला उठायला हात द्या. माझी बस आहे."

लोर्नानं हात दिला. आयरिनीनं तो उठेपर्यंतच धरला.

सोमवारी लोर्ना फेऱ्यांचं बघणाऱ्या ड्वाइट प्रुएटकडे गेली आणि माहितीपत्रकातलं तड्याचं वाक्य काढायला सांगितलं.

"अगं लोर्ना, चाळीसच्या वर वर्षं झाली! तपासनीस मेला, ग्रीक मेला. बँक आपल्याला देणगी देते. कशाला गाडलेलं उकरतेस?"

"मी मेले नाही अजून," ती म्हणाली. "छापायचं ते छाप. मी मात्र खरंच सांगणार."

पुढच्या शनिवारी चौघेच आले. मोकळ्या जागेपाशी लोर्ना थांबली. "इमारत चांगली होती," ती म्हणाली. "भिंतीला तडा आहे अशा कागदावर एकीनं न बघता साक्षीदार म्हणून सही केली. ती मी."

चौघांतल्या एका तरुण बाईनं विचारलं, "पण का केलीत सही?"

काहीतरी भारदस्त कारण सांगावं असं लोर्नाला क्षणभर वाटलं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "आणि जेवायची सुट्टी झाली होती. मला भूक लागली होती."