डब्यातला तुकडा

दचकू नका, मीच बोलतेय! या खणात चमच्यांच्या खाली दडपलेली, काळ्या लाकडी मुठीची सुरी. जीभ तिखट आहे माझी, पण सुरीची जीभ बोथट असून कसं चालेल? आणि मी रागावलेली आहे, हेही आधीच सांगून टाकते. गेली सहा वर्षं रागावलेलीच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, माझ्यासारख्याच दोनशे बहिणींबरोबर. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या एका बड्या स्टेकहाउसनं, म्हणजे गोमांसाचे जाड तुकडे भाजून वाढणाऱ्या हॉटेलनं, आम्हाला एकगठ्ठा विकत घेतलं. लाल चामड्याच्या खुर्च्या, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, भिंतीवर धष्टपुष्ट बैलांच्या तसबिरी. मला वाटलं, काय नशीब काढलंय मी!

पण सुरीला बाहेरचंही दिसतं आणि आतलंही. जेवणाऱ्याच्या हातातून सुटली की ती भटारखान्यात आंघोळीला जाते. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा. नाव मोठं, लक्षण खोटं, असली ती जागा होती.

बाहेर माणसं वाईनचे पेले गोल गोल फिरवायची, नाक खुपसायची, डोळे मिटायची. एका गृहस्थानं एकदा चक्क बिघडलेली वाईन मान डोलवून पसंत केली, कारण समोर त्याचा साहेब बसला होता. साहेबानंही वाखाणली. मग काय, अख्ख्या टेबलानं ती तोंड वाकडं न करता संपवली! किंमत ऐकली असतीत तर तुमची शुद्ध हरपली असती.

आत, मोठ्या फ्रिजच्या तळाशी, एक पत्र्याचा डबा असायचा. चिवट, शिरा असलेले, जुने झालेले तुकडे त्यात जायचे. पाहुण्यानं स्टेक पूर्ण भाजून मागितला की मुख्य आचारी व्हिक ओरडायचा, "एक जळका! डब्यातला काढ!"

एकदा कुणीतरी त्याला म्हणालं, "अरे, पैसे तर तो तेवढेच देतोय ना?"

"देऊ दे की," व्हिक हसला. "कोळसाच खायचाय त्याला. त्याच्यासाठी चंदन कशाला जाळायचं?"

सगळे खिदळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय नाहीत मला, पण गेली!

अशातच ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, अजून उजेड होता तेव्हा, एमिल वोंद्रा आला. सत्तरीचा, गळ्यात लग्नातला टाय. अडतीस वर्षं त्यानं दक्षिण ओमाहातल्या मांसाच्या कारखान्यात कापणीच्या रांगेत काढलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिथंच राहिलेली. सोबत मुलगी लॉरेन. ती शाळेची बस चालवते. त्या दिवशी मुद्दाम केस कुरळे करून आली होती.

एमिलच्या लग्नाचा वाढदिवस होता तो, आणि त्याची बायको रोझ फेब्रुवारीत गेली होती. दर वाढदिवसाला ती म्हणायची, "एकदा तिथं जाऊ या ना." आणि हा दरवेळी म्हणायचा, "मीच कापलेलं मांस पाचपट पैसे देऊन खाऊ? डोकं फिरलंय का माझं?"

"तुझ्या आईला मी कशाला मुकवलं, ते बघायला आलोय," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला.

"बाबा, आज रडायचं नाही हं."

"नाही रडत. पण बघू दे मला."

मिशाळ वेटरनं वाईनची बाटली आणली आणि एमिलच्या पेल्यात जेमतेम घोटभर ओतली.

"एवढीच? अहो, एवढ्यात माझे दातसुद्धा ओले होणार नाहीत!"

"चव बघा, साहेब. पसंत नसेल तर परत नेतो."

"असं होय? पद्धत चांगली आहे तुमची." त्यानं घोट घेतला. "बरी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातली पण अशीच लागते."

लॉरेन फसकन हसली. वेटर नाही हसला.

मग एमिलनं स्टेक मागवला. "पूर्ण भाजून आणा. आत गुलाबी दिसता कामा नये."

"बाबा! तुम्ही तर गुलाबी खाता."

"आज तुझ्या आईचा खातोय. तिला नाही चालायचं गुलाबी."

मी टेबलावर निपचित पडले होते. आतून आवाज आला, "एक जळका!" आणि मला पळून जावंसं वाटलं. पण सुरी कुठे पळणार?

ताट आलं. एमिलनं मला उचललं, मांसात घातलं, आणि मी मध्येच अडले. चिवट शीर! त्याचा हातही तिथंच थांबला. अडतीस वर्षांचा हात होता तो, त्याला मी वेगळं काय सांगणार? पण समोर लॉरेन डोळे मोठे करून बघत होती.

"कसंय, बाबा?"

"छान आहे."

अरे म्हाताऱ्या, बोल की खरं! माझी नुसती लाही लाही झाली. तो चावत राहिला, चावत राहिला, आणि शेवटी हळूच तोंडातला चोथा रुमालात काढला. लॉरेननं नेमकं तेच पाहिलं. तिनं सरळ त्याच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला.

"बाबा, हे चामडं आहे!"

"असू दे गं. एवढ्या हौसेनं आणलंस."

"हौस केली ती काय तुम्ही चामडं चघळावं म्हणून?" तिनं वेटरला हाक मारली.

वेटर आला, ताटाकडे बघून गालात हसला. "पूर्ण भाजल्यावर असंच होतं, साहेब. जाणकार मंडळी तसं मागवत नाहीत."

झालं! एमिलची मूठ माझ्यावर आवळली. दोन घावांत त्यानं ती शीर वेगळी केली आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ठेवली.

"ही भाजल्यानं उगवली का? ही जनावराच्या अंगातलीच आहे. कमरेच्या शेवटच्या टोकाचा तुकडा हा. आमच्याकडे पोर नवीन असलं तरी हा वेगळ्या टोपलीत टाकायचं. जाणकार म्हणे! वाईन नापसंत असेल तर परत नेता ना? मग हेही न्या!"

आजूबाजूचे काटे-चमचे थांबले. व्यवस्थापक धावत आला. "लगेच दुसरा देतो, साहेब. वर केक आमच्याकडून."

"दुसरा नको मला. फक्त सांगा, पूर्ण भाजलेलं मागणाऱ्या सगळ्यांना हेच वाढता ना?"

व्यवस्थापक भटारखान्याच्या दाराकडे बघत राहिला.

एमिलनं खुर्चीला पाठ टेकली. मी अजून त्याच्या हातात होते.

"लॉरेन, तिला आणलं असतं ना, तर ती नवा झगा घालून इथं बसली असती. हेच चघळलं असतं तिनं. आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली असती, 'छान आहे.'"

लॉरेननं बिलाचे पूर्ण पैसे त्यांच्या तोंडावर टाकले आणि मला पर्समध्ये. "एवढ्या सगळ्यात हीच काय ती खरी निघाली," ती म्हणाली. चोरी म्हणा हवं तर. त्या डब्याला काय म्हणता ते आधी सांगा!

आता मी एमिलच्या घरी असते. एरवी बटाटे, कधी पार्सलच्या चिकटपट्ट्या. मूठ चिरली आहे, पण धार शाबूत आहे. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, तो गल्लीतल्या खाटकाकडे जातो आणि अर्धा तास घोळ घालून मधला, उत्तम तुकडा निवडतो. मंद आचेवर, लोणी घालून, झाकण ठेवून पूर्ण भाजतो. आत गुलाबी टिपूस नसतो, तरी मी त्यात अलगद उतरते. चांगला तुकडा पूर्ण भाजला तरी चांगलाच राहतो. व्हिकला म्हणावं, ये आणि बघ!

महागाचं जेवण त्या किमतीचं असतं का, मला विचाराल तर असेलही कुठे कुठे. तुम्ही एवढंच करा. पुढच्या खेपेला अशा झगमगाटात गेलात की एक स्टेक पूर्ण भाजून मागवा. ज्याला काही कळत नाही असं त्यांना वाटतं, त्याच्या ताटात ते काय वाढतात, ते बघा. किंमत तिथं कळते.

बरं, खण उघडतोय कुणीतरी. यंदा एमिलचे हात फार कापतात, लॉरेनच कापणार आहे. चला, निघते मी. रोझचा तुकडा तयार झालाय.