हिरव्या पाकिटाची जागा

“मदरबोर्ड गेलाय, मावशी. सरळ नवा लॅपटॉप घ्या,” शेजारच्या गाळ्यातल्या वेन-काईने फेंग-इंगच्या गिऱ्हाइकाला कुणी न विचारताच निकाल देऊन टाकला.

फेंग-इंगने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “तुला कोणी विचारलं रे? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही तुझी जुनीच खोड.”

तैपेईच्या त्या यंत्रदुरुस्तीच्या बाजारात फेंग-इंगला एकतीस वर्षं झाली होती. आधी टीव्ही उघडायची, आता लॅपटॉप. गाळ्यावर धड पाटी नाही. पण बाकीच्यांनी हात टेकले की गिऱ्हाईक मुकाट्याने तिच्याकडे पाठवायचे, आणि मागून तिची थट्टाही करायचे.

समोर बसलेल्या शिउ-लानच्या लॅपटॉपने मात्र तिला तीन दिवस झुलवलं होतं. घरी दर पंधरा मिनिटांनी पडदा गोठायचा, आणि मग तो आपला आपणच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. इथे आल्यापासून एकदाही नाही. फेंग-इंगने मेमरी बदलून पाहिली, डिस्क तपासली, पंखा साफ केला, रात्रंदिवस चालू ठेवला. पठ्ठ्या हूं की चूं करेना.

“आज नीट झाला नाही तर मुलगी रविवारी भंगारात देणार आहे,” शिउ-लान म्हणाली. “नवा मागवलाय तिने. पण हा ह्यांनी घेऊन दिलेला, हो.”

“फोनवर सांगितलेलं सगळं आणलंस ना? मग घरी मांडतेस तसं मांड. अगदी तस्सं.”

शिउ-लानने पिशवीतून विणलेला रुमाल काढून अंथरला. त्यावर लॅपटॉप ठेवला. उजवीकडे चहाचा कप. आणि शेवटी, डाव्या अंगाला टेकून, मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक फुगलेलं हिरवं पाकीट उभं केलं.

त्यात कुणाला नवल वाटलं नाही. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते पाकीट अख्ख्या बाजारात प्रत्येकाच्या टेबलावर होतं. हिरवंच हवं, आणि मुदतीतलंच हवं.

तेराव्या मिनिटाला पडदा गोठला. मग काळा झाला.

“पाहिलंत? पाहिलंत ना?” शिउ-लान ओरडली.

फेंग-इंगने पाकीट उचललं. त्याच्यामागे लॅपटॉपची गरम हवा बाहेर टाकणारी जाळी होती. बोट भाजेल इतकी तापलेली. “हे पूर्वीपासून इथेच ठेवायचीस?”

“छे! आधी खिडकीत असायचं. गेल्या महिन्यात मुलीकडे राहायला आले. तिथलं टेबल एवढंसं.”

वेन-काई हसून लोळायचा बाकी राहिला. “म्हणजे राखणदारानेच गळा दाबला की! आणि तारीख बघा, इंगताई, तीन वर्षं उलटलीत. टाका ते, अपशकुन आहे.”

शिउ-लानचा चेहरा उतरला. फेंग-इंगने पाकीट फिरवलं. मागच्या बाजूला पेनाने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आमच्या शिउ-लानचं ऐकत जा. तिला त्रास देऊ नकोस.’

“दवाखान्यात लिहिलं त्यांनी,” शिउ-लान हळूच म्हणाली.

फेंग-इंगने ते पाकीट लॅपटॉपच्या उजव्या बाजूला, जिथे जाळी नव्हती तिथे, अक्षर शिउ-लानकडे करून ठेवलं आणि कप डावीकडे सरकवला. तासभर दोघी चहा पीत बसल्या. पडदा एकदाही गोठला नाही.

निघताना फेंग-इंगने स्वतःच्या टेबलावरचं कोरं हिरवं पाकीट शिउ-लानच्या पिशवीत घातलं. “कामाला हे. ठेव जरा लांब. आणि ते जुनं आता निवृत्त झालं. त्याला नुसतं तुझ्याजवळ बसू दे.”

शिउ-लान लॅपटॉप छातीशी धरून गेली. फेंग-इंगने पुढचं यंत्र उघडलं.

थोड्या वेळाने वेन-काई आला. त्याने आपल्या गाळ्यातलं हिरवं पाकीट तिच्या टेबलावरच्या रिकाम्या जागी ठेवलं; जाळीपासून मोजून वीतभर लांब.